चिमणीनं कोणतं मेण वापरलं?

मराठी घरात वाढणाऱ्या मुलाला बांधकामशास्त्राचा पहिला धडा जेवता जेवताच मिळतो. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, मेणाचं टिकतं. मग कावळा दार वाजवत भिजत उभा, आणि आत चिमणीची कामं काही संपत नाहीत. बाळाला न्हाऊ घालायचंय, पुसायचंय, काजळ-तीट लावायचीय. हा धडा मी मऊ भाताबरोबर गिळला, पुढे मुलीला भरवला आणि आता नातीला भरवतो आहे. साठ वर्षांत मला त्याबद्दल एकदाही शंका आली नाही. ती आली गेल्या वैशाखात, पुण्याच्या रविवार पेठेतून पाच किलो मेण खांद्यावर आणल्यानंतर.

पावसाचं ठीक आहे हो, उन्हाळ्याचं काय? चिमणी नागपूरकडची असेल तर मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळीस ओलांडतो. पत्र्याच्या वळचणीला घर असेल तर विचारायलाच नको. अशा उन्हात तिच्या भिंती उभ्या राहिल्या कशा? घर मेणाचं होतं हे मान्यच आहे. पण मेण कोणतं होतं?

हा प्रश्न मला पडायला कारणीभूत माझी मुलगी. चौतीस वर्षं बँकेत काढून मी घरी बसलो, त्याला सहा महिने झाले होते. या सहा महिन्यांत मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना क्रमांक दिले होते आणि दूधवाल्याचा तीन वर्षांचा हिशेब तपासला होता. बायकोनं मुलीला फोन करून काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण पुढच्याच आठवड्यात वाढदिवसाची भेट म्हणून एक खोकं आलं. आत काचेचे दोन पेले, पांढऱ्या मेणाच्या पापुद्र्यांची पिशवी, दोन वाती आणि लॅव्हेंडरची बोटभर बाटली. घरच्या घरी सुगंधी मेणबत्ती. खोक्यावर लिहिलं होतं, 'मनःशांतीसाठी'. कोणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

पहिली मेणबत्ती मी सूचना वाचून, अक्षरन्‌अक्षर पाळून केली. पेटवली. पहिला अर्धा तास ती छान जळली. मग ज्योत मेणात खाली खाली जाऊ लागली. कडेचं मेण जागच्या जागी, मधोमध एक सरळ भोक आणि त्याच्या तळाशी ज्योत, विहिरीत पडलेल्या बादलीसारखी. दोन तासांनी ती स्वतःच्याच मेणात बुडून विझली. बायको वाकून आत बघत म्हणाली, "अहो, पोहरा सोडू का?"

बँकेतल्या माणसाला ताळा जुळला नाही की झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत होतो.

बोहरी आळीत काय मिळत नाही, हे मला अजून कळलेलं नाही. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "मेण कुठलं देऊ?" मी म्हणालो, "चांगलं." त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी ओळखली. बँकेत येऊन "पैसे चांगल्या खात्यात ठेवा" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मी तशीच बघत असे. मग त्यानं यादी म्हटली: पॅराफिन, सोया, मधमाशांचं, नारळाचं, पामचं, जेल. "पॅराफिन असेल तर ५८-६० देऊ? फुल्ली रिफाइन्ड की सेमी?" ५८-६० हा मला भाव वाटला. तो वितळणबिंदू निघाला. प्रत्येक मेणाचा एक आकडा असतो आणि त्या आकड्याला ते हार मानतं, एवढं ज्ञान घेऊन मी घरी आलो. चिमणीची काळजी सुरू झाली ती इथून.

पॅराफिनशी आपली ओळख जुनी. ते खनिज तेलातून निघतं. जर्मन रसायनतज्ज्ञ रायखेनबाख यांनी ते १८३० मध्ये वेगळं काढलं. नाव लॅटिन आहे. अर्थ साधारण असा की, याचं कोणाशी फारसं नातं जुळत नाही. रसायनांच्या बाबतीत ते खरं असेल. पण आमच्या घरात त्यानं सगळ्यांशी नाती जोडली होती. भारनियमनाच्या दिवसांत उपड्या वाटीवर चिकटवलेली ती पांढरी, किंचित वाकडी मेणबत्ती आठवून बघा. तिच्या उजेडात मुलीनं दहावीचा अभ्यास केला. उरलेल्या तुकड्यानं मी अडकणारा ड्रॉवर घासला, बायकोनं पर्सची चेन सरकती केली. तापलेल्या मेणात बोट बुडवून बोटाला टोपी करायची आणि आईची बोलणी खायची, हा खेळ ज्यानं केला नाही त्याचं बालपण कोरडं गेलं म्हणायचं. पॅराफिन स्वस्त, शहाणं आणि कष्टाळू. पण सुगंधी मेणबत्तीच्या शौकीन मंडळींत त्याचं नाव काढलं की सगळे जरा गप्प होतात. तेलविहिरीतून आलेलं ना ते. कुळाची चौकशी माणसांपुरती थांबत नाही.

सध्या मान आहे तो सोयाला. सोया म्हणजे आपलं सोयाबीनच. लातूरच्या बाजारात ज्याच्या भावावर गावोगावची दिवाळी ठरते, तेच. त्याच्या तेलातून हायड्रोजन सोडला की तेल घट्ट होतं, आणखी सोडला की मेण होतं. वरकरणी हे आधुनिक वाटतं. मी अभिमानानं सोयाचे पापुद्रे स्टीलच्या डब्यात भरून ठेवले होते. आईनं डबा उघडला, चिमूट घेऊन बोटांत चुरगळली, वास घेतला आणि म्हणाली, "हा डालडा आहे."

आई शहाऐंशी वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला ती "बघू पुढं" म्हणते. मी तिला समजावू लागलो की, हे परदेशात लोकप्रिय झालेलं, पर्यावरणाला मानवणारं वगैरे. समजावता समजावता माझा आवाज बसत गेला, कारण ती बरोबर होती. वनस्पती तूपही असंच, तेलात हायड्रोजन सोडूनच करतात. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला तो याच विद्येवर. पिवळा डबा, त्यावर हिरवं झाड. तूप संपल्यावर त्याच डब्यात तुळस. सोयाचं मेण हा त्याच घराण्यातला, शिकून परदेशी जाऊन आलेला पुतण्या. त्या दिवाळीत बायकोनं शंकरपाळ्यांच्या मोहनासाठी नेमका तोच डबा उघडला तेव्हा मी स्वयंपाकघरात धावलो, ते मेण वाचवायला की शंकरपाळे, हे तिनं अजून विचारलेलं नाही.

सोयात गुण बरेच. ते सावकाश जळतं, सुगंध चांगला धरून ठेवतं, पेल्याला सांडलं तर साबणाच्या कोमट पाण्यानं निघतं. अवगुण एवढाच की ते मऊ आहे. पेल्यात ओतायच्या सोयाचा वितळणबिंदू पन्नास अंशांच्या आसपास घुटमळतो. तेव्हा चिमणीचं घर सोयाचं नव्हतं. विदर्भात तर नव्हतंच नव्हतं.

नारळाचा विचार मी आधीच सोडला. खोबरेल तेल २४ अंशांना पातळ होतं. पुण्यात डिसेंबरमध्ये बाटलीत गोठून बसतं आणि सकाळी उन्हात ठेवावं लागतं, कोकणात मात्र बारा महिने वाहतं असतं. त्यापासूनचं मेण मिळतं. पण ते कशात तरी मिसळून, कोणाच्या तरी आधारानं उभं राहतं.

उरलं मधमाशांचं. कामकरी माशी पोटाखालच्या ग्रंथींतून ते पापुद्र्यांच्या रूपानं बाहेर काढते, चावून मऊ करते आणि त्याची षटकोनी घरं बांधते. किलोभर मेण करायला माश्यांना सहा-आठ किलो मध खावा लागतो, असं सांगतात. हे ऐकल्यावर त्याचा भाव ऐकून छातीत होणारी धडधड कमी झाली. महाबळेश्वरच्या डोंगरात मधाचा धंदा जुना. तिथलंच मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. आमचं मूळ घर वाईचं, त्यामुळे महाबळेश्वरी मध घरात होताच. पण मध काढल्यावर उरणारं पोळं आपल्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. या मेणाला स्वतःचाच मंद, मधाळ वास असतो. वरून लॅव्हेंडर घालणं म्हणजे पुरणपोळीवर जॅम. आणि वितळतं किती अंशांना? ६२ ते ६४!

मी वहीत लिहिलं: चिमणी, मधमाशांचं मेण, प्रश्न निकाली. नागपूरच्या मे महिन्यातही तिचं घर उभं राहिलं असतं. गोष्ट रचणाऱ्या आज्यांच्या काळी पॅराफिन नव्हतंच म्हणा, तेव्हा दुसरं काही असणंही शक्य नव्हतं. पण बँकेच्या माणसाला कागदोपत्री खात्री लागते.

मेणाच्या घरावर भरवसा ठेवणारी ती एकटीच चिमणी नव्हे. वांद्र्याला सप्टेंबरमध्ये माउंट मेरीची जत्रा भरते. तिथे मेणाच्या वस्तू वाहतात: दुखणारा पाय असेल तर पाय, मूल हवं असेल तर बाळ. मेणाची घरंही मोठ्या संख्येनं वाहिली जातात. मुंबईत घर मिळावं म्हणून मेणाचं घर. चिमणीला निदान जागा आधी मिळाली होती.

मेणाचा प्रश्न सुटला. तीन भाग सोया, एक भाग मधमाशांचं, असं मिश्रण मी ठरवलं. खिशाला परवडणारं आणि वासाला नडणार नाही असं. मग सुगंध. शंभर ग्रॅम मेणात सहा ते दहा ग्रॅम सुगंधी तेल, त्याहून जास्त घातलं तर मेणाला घाम फुटतो. बायको म्हणाली मोगरा, नात म्हणाली चॉकलेट, आई म्हणाली वाळा. व्हॅनिला घालून पांढरंशुभ्र मेण ओतलं तर आठवड्यात ते चहाच्या रंगाचं झालं. व्हॅनिलाचा तो धर्मच आहे. काही वास विझलेल्या मेणबत्तीत भरभरून येतात आणि पेटवल्यावर गप्प. बैठकीच्या आधी जिन्यात तावातावानं बोलणारे आणि आत गेल्यावर चहा ढवळत बसणारे आमचे काही सहकारी मला आठवले. आणि ओतलेली सोयाची मेणबत्ती लगेच पेटवायची नाही, आठवडा-दोन आठवडे मुरू द्यायची. लोणच्याच्या देशात हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एवढं सगळं जमवून मी पुन्हा मेणबत्ती पेटवली. पुन्हा विहीर. या वेळी मोगऱ्याची.

गडबड मेणात नव्हतीच, वातीत होती. चिमणीच्या गोष्टीतही हेच झालंय बघा. मेणाचं सांगतात, वातीचं कोणी सांगत नाही. मीही तीन महिने मेणाच्या मागे होतो आणि वात खोक्यातून जी येईल ती लावत होतो. लग्नात मुलाची नोकरी, घर, पत्रिका सगळं बघावं आणि मुलगा बघायचा राहून जावा, तसं.

"वात मी देते," आई म्हणाली.

आमच्या घरात वातीच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. वाईच्या परसात देवकापसाचं झाड होतं. त्याचा कापूस ती अजून तिकडून मागवते. सरकी काढायची, कापूस पिंजून हलका करायचा, बोटांना जरा दूध लावायचं आणि वळायचा. तुपाच्या निरांजनाला फुलवात, समईला लांब वात. दोन वाती जोडून लावायची तिची पद्धत. चातुर्मासासाठी ती डबे भरून वाती वळते. एका डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणावं तर तिची एक वात दुसरीपेक्षा जाड-बारीक सापडत नाही. वात डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळते. महाबळेश्वरला भावेश भाटिया यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या सनराइज कँडल्समध्ये दृष्टिहीन माणसं मेणबत्त्या घडवतात हे मी वाचलं होतं. आईला वाती वळताना पाहिलं की त्यात नवल वाटेनासं होतं.

तर तिची वात मी पेल्यात उभी केली, मेण ओतलं, मुरू दिलं आणि पंधराव्या दिवशी सगळ्यांच्या साक्षीनं पेटवली. ज्योत वीतभर उठली. पाच मिनिटांत काळा धूर, दहा मिनिटांत वातीच्या टोकावर भलामोठा काळा गूल, विसाव्या मिनिटाला तो गूल मेणात पडला आणि पेल्याची काच आतून काळी झाली. नात टाळ्या पिटत म्हणाली, "पणजीनं काजळ केलं!"

आईचा चेहरा उतरला. तिच्या वातीनं सत्तर वर्षांत दगा दिला नव्हता. ती बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तेल पातळ असतं रे. आपणहून चढतं. हे घट्ट. आणि समईत मी बसलेली असते." म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं नाही. तिनं विकतची एक वात मागितली, नखानं टोक उसवलं, डोळ्याजवळ नेलं आणि ओठांवर फिरवून पाहिलं. सुईत दोरा ओवताना करते तसं.

"अरे, ही वेणी आहे."

तो शोध, मी नंतर वाचलं, कांबासेरेस नावाच्या एका फ्रेंच माणसानं १८२५ मध्ये लावला होता. त्याआधी मेणबत्तीची वात नुसती पिळलेली असे. ती सरळ ज्योतीच्या पोटात उभी राही, तिथे हवा पोचत नसे, त्यामुळे टोक धड जळत नसे. काळा गूल साठे, धूर होई. म्हणून दर थोड्या वेळानं कोणाला तरी कात्रीनं ते टोक छाटावं लागे. त्यासाठी खास कात्री असे, पात्यावर छोटी डबी असलेली. छाटलेला गूल त्या डबीत पडायचा. युरोपातल्या नाटकगृहांत हे काम करायला माणसं नेमलेली असत. कांबासेरेसनं वातीची वेणी घातली. वेणीच्या ताणामुळे जळता जळता वात एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला येतं, तिथे हवा भरपूर, टोक जळून राख होतं. वात स्वतःची काजळी स्वतः झाडते. त्या खास कात्रीचं काम एका वेणीनं गेलं.

मेणबत्तीत नेमकं जळतं काय, हेही मला त्या पावसाळ्यात प्रथम कळलं. वात जळत नाही, निदान फारशी नाही. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं, वातीतल्या धाग्यांच्या फटींतून केशाकर्षणानं वर चढतं, टोकाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मायकेल फॅराडे यांनी १८६०च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानं दिली. लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला माणूस. त्यांनी दाखवलेला एक प्रयोग मी नातीला दाखवला. मेणबत्ती विझवायची आणि वातीतून उठणाऱ्या पांढऱ्या धुराला थोडं वरून काडी दाखवायची. ज्योत धुराच्या रेघेवरून उडी मारून खाली वातीवर येऊन बसते. "आजोबा, धुराला आग लागली!" ती ओरडली. शाळेत तिच्या बाईंनी याला चूक म्हटलं असतं. फॅराडेंनी तिला जवळ घेतलं असतं.

तेव्हा वात ही हमाल आहे. मेण खालून वर न्यायचं. बारीक असली तर पुरेसं वर पोचत नाही, ज्योत लहान, वितळलेलं तळं लहान, आणि मधोमध विहीर. जाड असली तर वर जास्त येतं, ज्योत पेटून उठते, काजळी धरते. म्हणून वात मेणाला साजेशी हवीच. पण त्याहून पेल्याच्या रुंदीला साजेशी हवी. तीन-चार तासांत वितळलेलं मेण पेल्याच्या कडेला टेकलं पाहिजे, बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा पेटवताना ते टेकू दिलं नाही तर मेण ती रेघ लक्षात ठेवतं आणि पुढे कधीच तिच्याबाहेर वितळत नाही. मनाला लागलेलं विसरत नाहीत अशी माणसं आपण पाहिली आहेत, मेण त्यांच्यातलं. शिवाय सुगंध बदलला की वातही पुन्हा तपासायची, कारण काही तेलं जड असतात आणि वातीच्या फटी बुजवतात. रंगासाठी मी नातीचा लाल मेणखडू वितळवला होता. त्याच्या रंगाच्या भुकटीनं वातीचा असा गळा धरला की तिनं पाचव्या मिनिटाला प्राण सोडला. मेणखडूची भरपाई म्हणून बारा रंगांची नवी पेटी द्यावी लागली.

मग सुरू झाली परीक्षा. वातींच्या पुड्यांवर ८, १०, १२ असे क्रमांक. प्रत्येकीची एकेक मेणबत्ती, प्रत्येक चार तास जाळायची आणि वहीत नोंद. ज्योतीची उंची, तळ्याची रुंदी, काजळी आहे-नाही. अडचण एकच. वाऱ्यानं ज्योत हलली तर परीक्षा खोटी ठरते, म्हणून पंखा बंद. ऑगस्टच्या उकाड्यात संध्याकाळी सात ते अकरा बैठकीच्या खोलीचा पंखा बंद. तिसऱ्या दिवशी बायकोनं जाहीर केलं की, त्या चार तासांत ती मुलीकडे राहील. मी वहीत 'वातावरण शांत' अशी नोंद केली. लाकडी वातीही आणल्या होत्या. त्या जळताना तडतडतात आणि शौकीन लोक त्या आवाजासाठी चार पैसे जास्त देतात. निम्मं आयुष्य चुलीपुढे काढलेल्या आईला, तो आवाज विकत का घ्यायचा, हे काही केल्या पटलं नाही.

परीक्षेला सतरावी मेणबत्ती उतरली. मिश्रण तेच, वास वाळ्याचा, वात आईची. होय, तिनं एका दुपारी स्वतःच वेणी घातली होती, तीन पेडी, बारीक सुती दोऱ्याची. दोन वेण्या सैल झाल्या, त्या उसवल्या. तिसरी मला दिली आणि म्हणाली, "बघ. नाही जमली तर सांग, मी रडणार नाही."

आश्विनातला परतीचा पाऊस. संध्याकाळी सात वाजता वीज कडाडली आणि सगळी सोसायटी अंधारात गेली. पंखा आपोआप बंद. याहून चांगली परीक्षा कोणती? मी सतरावी मेणबत्ती पुढे घेतली. वात पाऊण सेंटिमीटर बाहेर होती, ती पाव इंचावर आणायची होती. अंधारात मी कात्री शोधत होतो, तोच दार वाजलं.

"कोण आहे?" मी ओरडलो.

"मी शेजारचा. एखादी मेणबत्ती आहे का हो?"

"थांबा हं, वात कापतोय!"

पुन्हा दार वाजलं. "थांबा, काडेपेटी शोधतोय!" पुन्हा वाजलं. "थांबा हो, ही अजून—"

"अहो, आधी दार उघडा!" बायको आतून ओरडली. तेव्हा मला उमगलं की, गोष्टीतली चिमणी निर्दय नव्हती. तिची फक्त मेणबत्तीची परीक्षा चालू असणार.

शेजारी ओल्या छत्रीसह उभे होते. घरात तीस मेणबत्त्या होत्या. ते संकोचून म्हणाले, "साधी असेल तर द्या हो. वासानं मला शिंका येतात." तिसांत एकही साधी नव्हती. शेवटी बायकोनं देवघराच्या ड्रॉवरमधून भारनियमनाच्या काळातली, वाकलेली, पांढरी एक काढून दिली. पॅराफिन, बहुधा ५८-६०. पेटवताच लागली.

दार लावून मी परत आलो तर आईनं सतरावी पेटवलेली होती. ज्योत शांत उभी, बोटाच्या दोन पेरांइतकी. वाळ्याचा वास, माठाजवळ वाकल्यावर येतो तसा. माझ्या लहानपणी आई 'शंभर कँडलचा दिवा' म्हणायची ते मला आठवलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात व्हेलपासून मिळणाऱ्या मेणाच्या एका ठरावीक मेणबत्तीच्या उजेडावर ते माप बेतलं होतं: तासाला १२० ग्रेन जळणारी, म्हणजे पावणेआठ ग्रॅम. समोरची मात्र एका आईची.

तास गेला. सवयीनं आईनं डबीतून एक काडी काढली, समईची वात सारते तशी वात सारायला आणि गूल झाडायला. काडी ज्योतीजवळ नेली आणि तिचा हात थांबला. वात एका बाजूला वाकलेली होती. टोकाशी राखेचा लाल ठिपका. काजळी नव्हती, सारण्यासारखं काही नव्हतं. समईत मी बसलेली असते, असं ती का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं.

"मग आता मी काय करू?" ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, विचारत होती.

मी वही बाजूला ठेवली. खोकं टेबलावरच होतं. त्यावरची शेवटची सूचना मी तिला वाचून दाखवली: जळती मेणबत्ती एकटी सोडू नये.

"असं लिहिलंय?" आईनं काडी परत डबीत ठेवली, पदर सावरला. "मग बसते."